शिडावरचं भोक

वर्णन. चांदी. एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला आकडा. हे नाणं एकाच वर्षी पाडलं. ठसा तडकला म्हणून बंद केलं. तो तडा नाण्यावरही उमटतो, डोलकाठीपासून कडेपर्यंत केसासारखी, किंचित उठून आलेली रेघ. आजवर माहीत असलेली नाणी अकरा.

आमच्या कार्यालयाचा तपासणीचा फॉर्म इथपर्यंत सरळ भरता येतो.

आणणारा. माझा सख्खा मामा.

टेबलापलीकडे बसून तो मोटारीच्या किल्लीनं कान कोरत होता. कोरून झाल्यावर किल्ली पँटला पुसली, अंगठा जिभेला लावला आणि त्याच अंगठ्यानं नाणं चोळलं. चाळीस वर्षं नाणी जमवणारा माणूस.

"मामा, थुंकी नको लावूस."

"अगं, थुंकीसारखं औषध नाही. बघ कसं झळकतंय. बारावं आहे हे, बारावं! 'अस्सल' लिही आणि मार सही."

"आणलंस कुठून?"

"एका म्हातारीकडून."

वजन. असायला हवं त्यापेक्षा किंचित कमी. झिजलेल्या नाण्याचं असतं तसं.

पुढची बाजू. शीड सपाट झालंय. दोर, लाटा, डोलकाठी सगळं उठून दिसतंय. फक्त शीड, तेही डावीकडचं, गुळगुळीत. खिशात झिजणारं नाणं चहूकडून झिजतं. एकाच जागी झिजायला एकच अंगठा लागतो, वर्षानुवर्षं.

तो अंगठा मला माहीत होता. तरी खात्री करायची म्हणून मी नाण्यावर श्वास सोडला. ही युक्ती मामानंच शिकवलेली, मी दहा वर्षांची असताना. जुन्या चांदीवर वाफ सगळीकडे सारखी धरते, बुजवलेल्या जागी धरत नाही. वाफ धरली. शिडाच्या वर, कडेजवळ, मसुराएवढा गोल ठिपका कोरडाच राहिला. आणि त्याच्या थुंकीचा वास उलटून माझ्या नाकात शिरला.

"इथे भोक होतं."

"होतं. आता नाहीये ना?" मामा हसला. "काय हात चालवलाय सोनारानं! भिंगाखालीही कुणाला कळायचं नाही. तुला कळलं, कारण तू माझी चेली."

पूर्वीची मालकी. आई.

त्या भोकात दोरा ओवून नाणं आईच्या गळ्यात असायचं. तिला आता दिसत नाही. दिवसभर अंगठा शिडावर फिरायचा. दोन महिन्यांपूर्वी दुपारच्या झोपेतून उठली तर गळा मोकळा. अंगठा अजून फिरतो, मोकळ्या गळ्यावर. तिथली कातडी लाल झालीय.

त्या दुपारी घरात दोघं होती. भेटायला आलेला मामा, आणि आईला सांभाळणारी मावशी. मावशी नात्याची नाही, म्हणायला मावशी. मामा नात्याचा. म्हणून मी मावशीची पिशवी जमिनीवर ओतली. कंगवा, चष्म्याची तुटकी दांडी, कागदात गुंडाळलेलं अर्धं बिस्कीट. मामा माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला होता, "अस्तर झटक, अस्तरात लपवतात या." मावशीनं आपणहून मोजे काढले आणि उलटे करून दाखवले. एकाच्या टाचेला भोक होतं. मी तरीही तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

"दोरा कशानं कापलास?"

"उशाशी नखं कापायची कात्री होती. तिला जागसुद्धा आली नाही, इतकं अलगद!" शाबासकी मिळावी अशा सुरात सांगत होता. "अगं, अकरा जणांनी काचेत जपलंय, आणि ही बाई घामात भिजवत बसलीय. वाचवलं मी त्याला. तिला दुसरं काहीतरी अडकवू गळ्यात. दिसतंय कुठे तिला?"

स्थिती. मी लिहिलं: भोक बुजवलेलं. काम अलीकडचं.

इतक्या वेळात पहिल्यांदाच मामाचा चेहरा पडला. "भोक नको लिहूस गं. भोक लिहिलंस की चांदीच्या भावानं जाईल. घरच्या माणसाच्या पोटावर पाय देतेस?"

सध्याची मालकी. आईचं नाव लिहिलं. मालकीचा वाद असला की नाणं पाकिटात सीलबंद होतं, आणणाऱ्याच्या हातात परत जात नाही. हा नियम मामाला पाठ होता.

"घरातल्या माणसाला चोर ठरवतेस?"

"बाहेरच्याला ठरवून झालंय."

त्यानं हात पुढे केला, तोवर मी पाकीट चिकटवलं होतं. आमच्या पाकिटांना थुंकी लावावी लागत नाही, एवढं तरी बरं. जाताना त्यानं टेबलावरच्या वाटीतल्या पेपरमिंटच्या दोन गोळ्या उचलल्या, एक तोंडात टाकली, एक खिशात.

शेरा. हा रकाना भरायच्या आधी मी मावशीला फोन लावला.

"सापडलं," मी म्हणाले.

"बरं झालं. कुठे?"

"घरातच."

कागदावर सगळं खरं लिहून झालं होतं, आणि तोंडातून हे निघालं. घरातच. जणू पलंगाखाली घरंगळलं होतं.

"बरं," मावशी म्हणाली. "त्यांच्या पायाची नखं बघा. मी गेल्यापासून कुणी कापली नसतील." आणि फोन ठेवला.

मी हात धुतले. साबण लावून दोनदा. चूळ भरली. मग पुन्हा फोन लावला.

"माझ्या मामानं चोरलं होतं. आणि मी तुमची पिशवी ओतली."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"मोजे पण," मावशी म्हणाली.