परवाणाचा दोर

मुरब्यात जावयाला फार मान. फक्त त्याने दोन दिवस राहून आपल्या गावी परत जायला हवं. महादू आला तो राहायलाच. दांडी गावचा हा पोरगा सुका तांडेलाकडे घरजावई म्हणून आला, तेव्हा बोलणं झालं होतं दोन हंगामांचं. सुकाची पुष्पलता एकुलती एक, बायको वारलेली, होडीवर घरचं माणूस नाही. तेव्हा जावयाने तेवढा हातभार लावावा, दुसरा कोणी मिळाला की दोघांनी खुशाल दांडीला जावं. दोन हंगाम कधीच सरले. दुसरा कोणी मिळाला नाही, कारण कोणी शोधलाच नाही.

दांडी तशी लांब नव्हती, हेच वाईट होतं. मुरब्याच्या वाळूत उभं राहिलं की उत्तरेला तारापूरच्या अणुकेंद्राची उंच चिमणी दिसायची, आणि तिच्या अलीकडे दांडी. माणूस परमुलखात गेला तर निदान त्याला सवय होते. इथे रोज होडी लोटताना गाव डोळ्यांसमोर, आणि पाय मात्र सासऱ्याच्या वाळूत. महादूला कधीकधी वाटायचं, ती चिमणी कोणीतरी पाडून टाकावी.

त्या माघात थोरल्या भावाचा निरोप आला. त्याने इंजिनाची होडी घेतली होती. "शिमग्यापर्यंत तुजी जागा ठेवतों. मंग दुसरा मानूस बघीन." महादूने पुष्पलतेला सांगितलं. ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. पण सकाळी तिने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली आणि पुसून उन्हात ठेवली. महादूला एवढं पुरलं. आता सासऱ्याच्या कानावर घालायचं तेवढं बाकी होतं, आणि त्याच आठवड्यात परवाण मोडलं.

परवाण म्हणजे शीड ज्याला बांधतात तो लांबच लांब वासा. तो उभ्या डोलकाठीवर तिरपा चढवलेला असतो. वारा पाठीमागून असला की शीड एका अंगाला उघडतं आणि होडी घराकडे पळत सुटते. काठावर बसलेल्याला वाटतं, काय मजा आहे! मजा कसली, खरं भय तेव्हाच. वारा जरा फिरून शिडाच्या पाठीला लागला की शीड परवाणासकट ताडकन् या बाजूचं त्या बाजूला जातं. मध्ये कोणाचं डोकं आहे ते बघत नाही. म्हणून महादूच्या दांडीच्या घरी परवाणापासून होडीच्या पुढच्या टोकापर्यंत एक दोर ताणून बांधायचे. वारा फिरला तरी तो दोर परवाणाला धरून ठेवतो, आणि सुकाणू धरून बसलेल्या तांडेलाला होडी सावरायला वेळ मिळतो.

सुकाच्या होडीवरही असा दोर होता. पण तो वेटोळं होऊन पुढे पडलेला असायचा. महादूने पहिल्याच हंगामात त्याला हात घातला, तेव्हा रामू खलाशाने त्याचं मनगट धरलं होतं.

"येडा हायस काय? या घरात त्या दोराला हात लावायचा नाय."

"का पन?"

"ज्यानं दोर बांधला, त्यानं तांडेलाला तोंडावर सांगितलं, तुजा हात गेला म्हनून. मंग तांडेल उठतो, आनि बांधनारा सुकानूवर बसतो. सुकाच्या बापाच्या वक्ताला सुकानं बांधला. म्हातारा एक शबद बोलला नाय. उठला, पुढं जाऊन बसला. तवापासून सुका बसलाय तो बसलाय."

आणि सुका बसला होता खरा. सुकाणूचा दांडा काखेत, नजर समोर, पाठ ताठ. मागून येणारा वारा तो कानांनी ओळखायचा. डाव्या कानाला किती लागला, उजव्याला किती, यावर हात आपोआप हलायचा. वळून शिडाकडे बघणं त्याला कमीपणाचं वाटे. रामूचा तर प्रश्नच नव्हता. चार घोट पोटात गेले की त्याला सरळ रस्त्याने घर गाठता यायचं नाही, तो सुकाणू काय धरणार?

परवाण मोडलं तो दिवस चांगला लख्ख होता. होडी मुरब्याच्या खाडीकडे परतत होती. वारा डावीकडून मागचा, शीड उजवीकडे पसरलेलं. महादू शिडाचा दोर धरून बसला होता. वारा हळूहळू मागून सरकत उजव्या कानावर आला, हे त्याला कळलं. सासऱ्यालाही कळलं असणार असं धरून तो गप्प राहिला, कारण सुका तांडेलाला वारा सांगायला जाणं म्हणजे भटजीला मंत्र शिकवणं. मग शीड एकदा फडफडलं आणि आडवं आलं. परवाण डोलकाठीवर आपटून मधोमध मोडलं आणि त्याचं अर्धं खाली आलं ते रामूच्या खांद्यावर. रामूचं हाड मोडल्याचा आवाज महादूला लाकडाच्या आवाजातही वेगळा ऐकू आला.

किनाऱ्यावर माणसं जमली. सुका खाली उतरला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "जावयांनी शिडाचा दोर ढिला सोडला."

महादूचे कान तापले. दोर त्याने ढिला सोडला नव्हता, त्याच्या तळहातावर त्याचे वळ उमटले होते. पण सासऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं, तेही ज्याच्या घरात जेवतो त्याला? तो गप्प बसला आणि त्या दिवसापासून मुरब्यात त्याचं नाव पडलं, परवाणमोड्या. पोरं ते नाव घेऊन पळायची. बाया मासळीच्या पाट्यांमागून हसायच्या.

त्याच संध्याकाळी त्याने दांडीचं बोलून टाकलं. सुका जाळं बघत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"जा ना. आमी कोन धरनार? पन परवान तुमी मोडलंत, तर सांधून द्या. मंग जा."

तुमी, जावई, या, बसा. सुका त्याला कधी तू म्हणाला नव्हता. इतक्या वर्षांत तो त्या घरात पाहुणाही होता आणि गडीही होता. घरचा मात्र नव्हता.

तरी महादूला हुरूप आला. परवाण सांधलं की सुटका. मोडक्या दोन तुकड्यांना तिरप्या खापा मारून ते एकमेकांवर बसवायचे, भोवती बांबूच्या कांबी ठोकायच्या आणि वरून ओल्या काथ्याने आवळायचं. काथ्या सुकला की असा घट्ट बसतो की सांधा लाकडापेक्षा भारी ठरतो. बांबूसाठी तो पालघरच्या बाजारात गेला. तिथे डोंगरातला जिव्या बांबू विकायला यायचा.

जिव्याने त्याला जून, भरीव बांबू निवडून दिले. "कोनच्या गावचा?" त्याने विचारलं.

"दांडीचा. मुरब्याला असतो. सासऱ्याकडं."

जिव्या मोठ्याने हसला. "मी पन राबलों सासऱ्याच्या घरा. बायको फुकट नाय देत आमच्यात."

"मग सुटलास कधी?"

"सासरा मेला तवा. पन मंग मेवना ल्हान होता. त्याला कोन वाढवील? ऱ्हायलों." आणि पुन्हा हसला. महादूला त्या हसण्याचा राग आला.

स्टेशनाजवळ आला तर उत्तरेकडची गाडी उभी होती. पुढचंच स्टेशन उमरोळी, मग बोईसर. तिथून दांडी जेवायच्या आत. महादू खांद्यावर बांबू घेऊन फाटकाशी उभा राहिला. बांबू टाकून द्यावेत आणि चढावं, इतकं साधं होतं. पण मुरबा म्हणेल, परवाण मोडून पळाला. ते पुष्पलतेला ऐकावं लागेल. गाडी गेली. तो बांबू घेऊन मुरब्याच्या एस्टीच्या टपावर चढला.

सांधायचं काम त्याने मन लावून केलं. रागानेही केलं. हे असं करून देईन की यांना पुन्हा माझी गरज पडायला नको, असं मनात म्हणत त्याने एकेक वेढा आवळला. सुका समोर बसून बघायचा. शेवटी काथ्यावर डांबर चढवायचं होतं. डांबर कढत होतं, महादू कुंचल्याने चोपडत होता आणि सुका जवळ वाकून सांधा बघत होता. कुंचला झटकला गेला. कढत डांबराचा थेंब उडाला तो सुकाच्या उजव्या गालावर.

महादूच्या तोंडून आईगं निघालं. सुकाच्या तोंडून काहीच नाही.

त्याची पापणीसुद्धा हलली नाही. "इथं एक येढा कमी पडलाय," तो म्हणाला. थेंब गालावर चिकटून होता, खालची कातडी लाल होत होती.

"मामा," महादू म्हणाला, "गालाला डांबर लागलाय."

सुकाने हात नेला तो आधी डाव्या गालाला. मग उजव्या. बोटांना डांबर लागलं, तेव्हा तो थांबला. जावयाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. "ठाव हाय मला," म्हणाला, आणि उठून गेला.

महादू कुंचला धरून तसाच राहिला. उजवा गाल आणि उजवा कान. त्या दिवशी वारा उजव्या कानावर आला होता.

जेवताना त्याने पुष्पलतेला विचारलं. ती भाकरी थापायची थांबली नाही.

"दिवाळीपासनं. तुमी दांडीला गेला होता, तवा एक दिवस सकाळी तोंड वाकडं झालेलं. दोन दिवसांनी सरळ झालं, पन ती बाजू मेलीच. दाढी करताना कापतं, रगत येतं, त्यांना कळत नाय."

"आनि मला सांगितलं नायस?"

"सांगितलं असतं तर तुमी जायचं म्हनला असता काय?"

महादूने हातातला घास ताटात ठेवला.

"म्हनून नाय सांगितलं," ती म्हणाली. "पेटी भरलेली हाय. तुमी चला म्हनलं की मी चालली."

ती रडली असती, बापासाठी थांबा म्हणाली असती, तरी बरं झालं असतं. त्याला भांडता आलं असतं. आता सगळी दारं सताड उघडी होती आणि त्याला एकातूनही बाहेर पडता येईना. गावात सांगावं, तर आधी परवाण मोडलं आणि वर सासऱ्याच्या तोंडाला दोष देतो, असं लोक म्हणणार. सासऱ्याला सांगावं, तर ते त्याला ठाऊकच होतं. आणि न सांगता जावं, तर? तर सुका रामूला घेऊन समुद्रात जाणार, आणि एका चांगल्या लख्ख दिवशी दोघंही परत येणार नाहीत. हे त्याला दांडीच्या इंजिनाच्या होडीवर बसून ऐकावं लागेल.

शिमगा दोन दिवसांवर आला आणि सांधलेलं परवाण चढवून होडी पाण्यात लोटली. रामूही आला. हात बायकोच्या लुगड्याच्या पट्टीने गळ्यात अडकवलेला, म्हणाला, घरी बसून बायकोची बोलणी ऐकण्यापेक्षा एका हाताने पाणी उपसेन. सांधा चांगला बसला होता. जाताना वारा अंगावर घेतला, परवाण कुरकुरलं नाही. महादूने मनातल्या मनात पेटीला कुलूप लावलं.

परतताना वारा पाठीमागे गेला. शीड उजवीकडे उघडलं. डावीकडे लांब ती चिमणी उन्हात उभी. सुका सुकाणूवर ताठ, गालावर डांबराचा काळा डाग. रामू मधोमध, परवाणाच्या बरोबर खाली, खाली वाकून पाणी उपसत होता.

खाडीचं तोंड दिसू लागलं तसा वारा महादूच्या डाव्या कानावरून मानेवर सरकला.

"मामा, वारा फिरतोय."

"कळतं मला."

सुकाणूचा दांडा हलला नाही. वारा मानेवरून उजव्या कानाकडे निघाला. शिडाची कड एकदा लवली. सुका समोर खाडीकडे बघत होता, अगदी निश्चिंत.

रामूला बाजूला ओढता आलं असतं. आज. पण उद्या, परवा, शिमग्यानंतर? महादूला आपला भाऊ दिसला, इंजिन दिसलं, पेटी दिसली. आणि ती सगळी मागे टाकून त्याचे पाय आधीच पुढे धावले होते. त्याने वेटोळं उचललं, टोक परवाणाला अडकवलं, दुसरं पुढच्या खुंट्याला दोन फेरे घालून खेचलं आणि गाठ मारली.

शीड उलटं भरलं. दोर ताणून वाजला. परवाण कण्हलं, काथ्या करकरला, पण काही हललं नाही. रामू डोकं धरून खाली दबून राहिला. सुकाने शिडाकडे वळून बघितलं, दांडा खेचला आणि होडी पुन्हा वाऱ्यावर आली.

 सुकाने त्या ताणलेल्या दोराकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दांडा काखेतून काढला आणि उभा राहिला.

"मामा, मी नुसता दोर बांधला," महादू घाईघाईने म्हणाला.  "माजं तसं काय नव्हतं. रामू खाली होता म्हनून."

"हां," सुका म्हणाला. "मी पन नुसता दोरच बांधलेला. मुंबयला गोदीत काम लागलेलं मला. माजी पन पेटी भरलेली होती." त्याने महादूचा हात धरला आणि दांड्यावर ठेवला. "धर. होडी वाकडी चाललीय तुजी."

आणि तो पुढे जाऊन रामूच्या शेजारी बसला.

महादूने दांडा धरला, कारण कोणीतरी धरायलाच हवा होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला सासऱ्याचा, जिव्याचा, स्वतःच्या हातांचा संताप आला. होडी खाडीकडे वळली, चिमणी पाठीमागे गेली. किनाऱ्यावर बाया पाट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यात पुष्पलता कपाळावर हात धरून होडी बघत होती. परवाणापासून पुढच्या टोकापर्यंत ताणलेला दोर लांबूनही दिसत होता. तिने तो बघितला, मग सुकाणूवर कोण बसलंय ते बघितलं. पाटी खाली ठेवून ती वळली आणि भरलेली पेटी रिकामी करायला घराकडे चालू लागली.