बरणीच्या तळाचा घेवडा

मित्रांनो, मी एक जुना घेवडा आहे. शेंग नव्हे, शेंगेतला वाळलेला दाणा. रंगाने पांढरा, डोळ्याभोवती तांबडा डाग. डोळा म्हणजे शेंगेला मी जिथे चिकटलेला होतो, ती खूण. माझे वय सहा वर्षे आहे. घेवड्याने इतके थांबायचे नसते. त्याने शिजायचे असते, नाहीतर उगवायचे असते. मला दोन्ही जमले नाही.

मला एका बाईने वाढवले. सगळे तिला मावशी म्हणत. तांबड्या डोळ्याचे हे बियाणे तिला तिच्या आईकडून मिळाले होते आणि आसपास दुसऱ्या कुणाकडे ते नव्हते. ती आमच्यावर कसलेही औषध मारत नसे. शेंगा वेलावरच वाळू देई, काठीने झोडपी, सुपात पाखडी आणि भोक पडलेला दाणा दिसला की बाजूला काढी. मी त्या तपासणीत पास झालो होतो. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

बाजारात एका आईने मला दाताखाली धरून पाहिले. कट्ट आवाज झाला. "चांगले वाळलेत," ती म्हणाली. शेजारी तिची लहान मुलगी गोटे, बिया, बाटल्यांची झाकणे असे काहीबाही फ्रॉकच्या खिशात कोंबत होती. म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. वडील पिशवी धरून उभे होते.

"बिनऔषधाचे घेवडे खाऊन काय शंभर वर्षं जगणार आहोत आपण?" त्यांनी विचारले.

"तुम्ही जगाल. पिशवी धरण्यापलीकडे काम काय तुम्हाला?" आई म्हणाली.

मावशी हसली. मग बोट उभारून म्हणाली, "ताई, औषध नाही म्हणजे किडा लागू शकतो. आधी तीन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवा. मग कोरड्या बरणीत भरा. आणि एक लक्षात ठेवा, जुने संपल्याशिवाय वरून नवे ओतू नका."

आईने मान डोलावली. पहिल्या दोन गोष्टी तिने अगदी काटेकोर केल्या. ओल शोषून घ्यायला भाजलेल्या तांदळाची एक पुरचुंडीसुद्धा बरणीत टाकली. झाकण घट्ट फिरवले. मी सगळ्यात खाली, काचेला गाल लावून बसलो.

पळी वरून येई. महिन्याभरात ती इतकी जवळ आली की तिची कड मला दिसली. आता माझी पाळी, असे मी मनाशी म्हटले. त्याच दिवशी घराजवळ नवे दुकान उघडले होते. तिथली पाकिटे स्वस्त होती. आईने एक पाकीट फोडले आणि सरळ आमच्या डोक्यावर ओतले. "एकाच बरणीत मावतंय की!" ती म्हणाली.

असे पाच वर्षे चालले. पळी खाली येई, पाकीट वरून येई. कपाटाचे दार उघडले की उजेडाची एक फट दिसे आणि मिटे. मला हलता येत नव्हते, कूस बदलता येत नव्हती. त्या कोरड्या हवेत माझ्यातले पाणी थेंबाथेंबाने गेले आणि साल दगडासारखी घट्ट झाली. बरणीच्या आत मी होतो आणि माझ्या आत एक इवलासा कोंब, दोन दुमडलेली पाने घेऊन. तोही कोंडलेलाच.

एका दुपारी मावशी दारात आली. त्या वर्षी रोगाने तिचे सगळे पीक गेले होते, आणि बियाण्याच्या डब्यात पाणी शिरून बुरशी धरली होती. ती जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी फिरत होती.

"ताई, तांबड्या डोळ्याचे मूठभर तरी असतील का? सगळ्यांनी खाऊन संपवलेत. आता तुमचंच दार उरलंय."

आई ओशाळली. "नाही हो मावशी. पाच वर्षांपूर्वीचे ते, आता कुठले?"

पण खारूताईने बरणी उचलून तळाशी पाहिले आणि ती वर्तमानपत्रावर पालथी केली. ढिगाच्या टोकावर आम्ही निघालो. अकरा जण. आईचा चेहरा पडला. नवे ओतू नका, हे तिला आत्ता आठवले असावे.

मावशीने आम्हाला ओंजळीत घेतले. एकेकाचा तांबडा डोळा अंगठ्याने पुसून पाहिला. मग म्हणाली, "बरं झालं ताई, माझं ऐकलं नाहीत!"

तिच्या सांगण्यावरून आईने आम्हाला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. चौथ्या दिवशी मावशी पुन्हा आली, तोवर सहा जणांना मोड आले होते. एक कुजला. आम्ही चौघे मात्र होतो तसेच राहिलो, फुगलोसुद्धा नाही.

"गणंग आहेत मेले," आई म्हणाली. कितीही भिजवा, शिजवा, जो नरमत नाही त्या दाण्याला गणंग म्हणतात.

"फेकू नका," मावशी म्हणाली. "आत जीव असेल. पाण्याला वाट नाही, एवढंच. डोळ्याच्या उलट बाजूला रेतीकागदावर हलकेच घासा. एक ओरखडा पुरतो."

खारूताईने तिघांना घासले. दोन दिवसांत तिघेही फुटले. मी शेवटचा. तिने मला चिमटीत धरले, कागदाजवळ नेले, आणि हात थांबवला.

"हा मी ठेवणार. आठवण म्हणून."

"अगं, ठेवून काय करणार?" आईने विचारले.

"जपणार!"

आणि तिने मला कंपास पेटीत ठेवून झाकण लावले.

मावशीच्या नऊ रोपांना शेंगा धरल्या. तांबड्या डोळ्याचे घेवडे बाजारात पुन्हा आले आहेत. आई आता बरणी पूर्ण रिकामी करते, पुसते, मगच नवे भरते. हे सगळे मी झाकणाआडून ऐकले. खारूताई अधूनमधून पेटी उघडते, मला गालाला लावते आणि परत ठेवते. तिच्या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही.

पण मित्रांनो, तिची आणि तुमची ओळख असेल तर माझा एवढा निरोप द्या. पेटीत माझ्याशेजारीच कर्कटक आहे. त्याचे टोक माझ्यापासून बोटभर अंतरावर आहे. मला जपायचे असेल, तर एक ओरखडा काढ.