अठरा नखं आणि एक पैठणी

"म्हणजे बिबट्याची नखं त्या रात्री तुमच्या घरी होती?" आरोपीच्या वकिलांनी विचारलं.

"हो," शरच्चंद्र म्हणाले.

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. वनखात्याचा मुद्देमाल सांभाळण्यात शरच्चंद्रांची तीस वर्षं गेली होती. पुडकं कोणी दिलं, कोणी घेतलं, लाखेची मोहोर शाबूत होती का, सगळं नोंदवायचं. एक जरी दुवा निसटला, तरी आरोपी सुटायचा. आणि निवृत्तीला दोन महिने उरले असताना तो दुवा त्यांच्याच हातून निसटू पाहत होता. चार वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतून तपासलेली अठरा नखं घेऊन ते पुण्यात उतरले, तो दिवस अनंत चतुर्दशीचा. उभा जन्म कसबा पेठेत काढलेला माणूस नेमका हाच दिवस विसरला होता. रस्ते बंद, आणि कचेरी मिरवणुकीच्या पलीकडे.

"घरी कुठे ठेवलीत?"

"लोखंडी कपाटात."

"किल्ली?"

"एक माझ्याकडे, एक पत्नीकडे."

"वा. म्हणजे कपाट घरात सगळ्यांना मोकळंच."

"नाही. कपाटाच्या दारावर कागदाची पट्टी डकवली होती. तिच्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोरच काढली. पंचनाम्याला ती पट्टी जोडलीय."

न्यायाधीशबाईंनी पंचनामा वाचला. "यात 'अंजिरी पैठणी, एक' असं आहे. ही कोणाची?"

शरच्चंद्र ओशाळले. "पत्नीची. कपाटात होतं ते सगळं लिहिलं. मिरवणुकीला तिला तीच नेसायची होती. पट्टी लावून झाल्यावर लक्षात आलं."

"मग उघडलंत?"

"छे. सुती साडीवरच गेली ती."

बाईंनी पुडकं मागवलं, लाख निरखून पाहिली आणि मुद्देमाल पुराव्यात घेतला. शरच्चंद्रांचा जीव भांड्यात पडला.

"तुझ्या पैठणीनं वाचवलं आज," घरी येताच ते वासंतीबाईंना म्हणाले.

"अहो, मग तिलाच न्यायचं साक्षीला. त्या दिवशी मी मागितली, तर पट्टीकडे बोट दाखवलंत."

"आज नेस ना."

"आज? मंगळवारी?"

तरी ते आनंदानं कपाटापाशी गेले. दारावर डिंकाचा पिवळट पट्टा अजून तसाच होता. दर दिवाळीला वासंतीबाई अख्खं घर घासून काढत.

"हा डाग नाही पुसलास कधी?"

"पुस म्हणून सही करून दिली होतीत का?" वासंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पैठणी बाहेर काढली.