पाव माझ्या गळ्यात, खापर माझ्या माथी

मित्रांनो, मी एक जुनी खिट्टी आहे. देवघराच्या दाराची नव्हे की दागिन्यांच्या पेटीचीही नव्हे. चाकं लावलेल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण बंद ठेवणारी खिट्टी. हसू आलं ना? येऊ द्या. आमच्या गावातल्या जाणत्या माणसांनाही आलं होतं. इतकी वर्षं तोंड मिटून राहणं हेच माझं काम होतं, म्हणून ज्याने त्याने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आज मात्र मी बोलणार आहे आणि तुम्हाला ते ऐकावंच लागेल.

माझा जन्म प्लोव्हदिव शहराबाहेरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. जाड पोलादी पट्टी कापली, वाकवली, आत दमदार स्प्रिंग बसवली आणि समोर एक अरुंद खाच ठेवली. माझी सगळी करामत त्या खाचेत आहे. माणसाचं बोट तिच्यात शिरून वर वळतं, आतली कळ दाबतं आणि मी सुटते. अस्वलाचा पंजा तिथे मावत नाही, आणि नखं लांब असली तरी वळत नाहीत. कचऱ्याच्या गाडीने डबा उचलून पार पालथा केला, तर आतल्या वजनामुळे मी आपोआप उघडते. कारखान्यात त्स्वेताना नावाची एक ठसक्याची कामगार बाई होती. प्रत्येक खिट्टीत बोट घालून ती पारख करायची. मला तपासून ती म्हणाली, "जा बाई सासरी! तोंड मिटून राहिलीस तर संसार टिकेल." तिच्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. मला मात्र तो आशीर्वादच वाटला.

सासर मिळालं ते रोदोपी डोंगरातल्या स्मर्चेवो गावात. वळणावर दगडी भिंतीतून पडणारी पाण्याची धार होती आणि तिच्याशेजारी आमचा हिरवा डबा. तीन घरांत मिळून तो एक. एक घर दाफिना आजीचं. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहायची. दुसरं तिच्या भाच्याचं, मानोलचं. तो जंगलाचा राखणदार. तिसरं सरपंच वेल्कोचं. पोट पुढे, आवाज त्याहून पुढे.

मला बसवलं त्याच शरदात अस्वलीण आली. त्याआधी तिने गावातले डबे कितीदा उपसले होते. ती आली, तिने हुंगलं, झाकणाला पंजा घातला, ओढलं, डब्याला धक्के दिले. माझी स्प्रिंग कळवळली, पण मी तसूभर हलले नाही. शेवटी वैतागून ती फुसफुसली आणि डोंगरात निघून गेली. सकाळी झाकणावरचे ओरखडे बघायला सारं गाव जमलं. वेल्कोने मला थोपटलं आणि छाती फुगवून म्हणाला, "बघा! सरपंच असावा तर असा. आणली की नाही मी वाघीण?" मानोलने खिशातून तेलाची कुपी काढली आणि माझ्या सांध्यात दोन थेंब सोडले. ते माझे मानाचे दिवस होते, मित्रांनो. पुढे अस्वलं कचऱ्याकडे फिरकेनाशी झाली.

आता मूळ दुखण्याकडे येते. या गावात पाव कचऱ्यात टाकत नाहीत. पाव जमिनीवर पडला तर उचलून त्याचा मुका घेतात, कपाळाला लावतात. दाफिना आजी म्हणायची, "पाव फेकणाऱ्याच्या घरात पुन्हा पीठ टिकत नाही." चांगलंच आहे की! अन्नाचा मान राखणाऱ्या माणसांना मी नावं ठेवणार नाही. पण शिळा उरलेला पाव पिशवीत भरायचा आणि डब्याच्या बाहेर टांगायचा, ही यांची रीत. आणि टांगायचा कशाला? तर माझ्या पुढे आलेल्या नाकाला! खिट्टी म्हणून आणली आणि खुंटी केली.

तरी मी ते सोसलं, कारण तेव्हा कुझमान म्हातारा होता. तो रोज सकाळी गाढव घेऊन यायचा, पिशव्या काढायचा आणि सगळा पाव आपल्या शेळ्यांना घालायचा. पुढे त्याचे गुडघे गेले. शेळ्या विकून तो समुद्राकाठी लेकीकडे राहायला गेला. शेळ्या गेल्या, गाढव गेलं, खाणारं कुणी उरलं नाही. पिशव्या मात्र टांगल्या जातच राहिल्या. का? तर आजवर टांगत आलो म्हणून! शिवाय सकाळी पिशवी नाहीशी झालेली असायची. दाफिना आजी समाधानाने म्हणायची, "कुणीतरी नेतंय गं बाई. कुण्या गरिबाच्या मुखी लागतंय."

गरिबाच्या म्हणे! अहो, ती अस्वलीणच नेत होती. झाकणाचा नाद तिने कधीच सोडला होता. तिन्हीसांजेला नाहीतर पहाटे झाडीतून हळूच यायची, माझ्या गळ्यातली पिशवी दातांनी अलगद काढायची आणि जायची. मागच्या वर्षापासून तिच्यामागे एक पिल्लूही असायचं. डबा बंदच्या बंद, खिट्टी बसल्या जागी, आणि जेवणाचं ताट बाहेर मांडलेलं. मी ओरडून सांगणार तरी कशी?

एकदा वेल्कोने आपली पिशवी मला करकचून बांधली. वाऱ्याने उडू नये म्हणून दुहेरी गाठ. अस्वलिणीला ती सुटेना. तिने हिसका दिला आणि अख्खा डबा आडवा झाला. पिशवी फाडून पाव घेऊन ती गेली. सकाळी लोक जमले. डबा आडवा पडलेला, झाकण घट्ट बंद, आत कचरा जसाच्या तसा. डोळे असलेल्या माणसाला एवढं दिसायला हवं ना? पण वेल्को कमरेवर हात ठेवून गरजला, "खिट्टी निकामी झाली! फसवलं आपल्याला कारखानेवाल्यांनी!"

मानोल खाली वाकून म्हणाला, "काका, झाकण तर बंद आहे."

"तू अस्वलाचा वकील आहेस का रे? बंद आहे तर डबा काय झोपायला आडवा झाला?"

सगळे हसले. आणि हसण्यावर विषय संपला. माझा संताप संताप झाला! चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच. पाव यांनी टांगायचा, गाठ यांनी मारायची आणि खापर फोडायचं माझ्या माथी! त्याच संध्याकाळी वेल्कोच्या बायकोने पुन्हा नवी पिशवी माझ्या गळ्यात अडकवली.

आणि मग व्हायचं ते झालं. एका संध्याकाळी वेल्को घरच्या सपाता घालून कचरा टाकायला आला. एका हातात कचरा, दुसऱ्या हातात पावाची पिशवी. अस्वलीण डब्यापाशीच उभी होती. दोघांची नजरानजर झाली. ती घाबरून मागल्या पायांवर उभी राहिली. हा त्याहून घाबरून वळला, सपात निसटली आणि दगडावर आपटून त्याचं मनगट मोडलं. तिने त्याला नखही लावलं नव्हतं. मी हातभर अंतरावर होते, मी शपथेवर सांगेन. पण दुसऱ्या दिवशी गुत्त्यात वेल्को हात गळ्यात बांधून बसला. समोर राकियाचा पेला, भोवती चारजण. "पहाडासारखी अंगावर आली! मी सरपंच म्हणून वाचलो, दुसरा कुणी असता तर आज त्याच्या नावाने मेणबत्त्या लावल्या असत्या."

त्याने वर तक्रार केली. अस्वलीण माणसावर धावते असं ठरलं आणि तिला मारायची परवानगी आली. मारायचं कुणी? मानोलने.

मानोल त्या अस्वलिणीला ती पिल्लू असल्यापासून ओळखत होता. बर्फातली तिची पावलं तो बघताच सांगायचा. दाफिना आजी त्याला म्हणाली, "नाही म्हण रे बाळा. हात दुखतो म्हण."

"आत्या, मी नाही म्हटलं तर खालून दुसरे शिकारी येतील. ते धड नेम न धरता तिला जखमी करून सोडतील. त्यापेक्षा मीच."

झुंजूमुंजू होताना तो धारेच्या दगडी भिंतीमागे दबा धरून बसला. मला वाटत होतं, आज नको येऊस गं बाई. पण माझ्या गळ्यात पिशवी होती ना! ताज्या पावाचा वास होता. ती आली. तिने पिशवी काढली. वळताना एकच बार झाला. पिल्लू किंचाळत झाडीत पळालं, आणि ती माझ्यासमोर आडवी झाली.

माणसं धावत आली. मानोल बंदूक बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसला आणि तिच्या दातांत अडकलेली पिशवी त्याने सोडवली. निळ्या चौकड्यांची कापडी पिशवी, हाताने शिवलेली. दाफिना आजी पुढे आली. पिशवी बघताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "नवऱ्याच्या स्मरणाचा पाव होता त्यात. काल सगळ्यांना वाटला, उरला तो टांगला."

मानोलने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे. त्याला सगळं उमगलं. तो वेल्कोकडे वळून म्हणाला, "काका, ती कचऱ्यासाठी येतच नव्हती. आपण रोज ताट वाढत होतो आणि जेवायला आली म्हणून तिला गोळी घातली."

वेल्कोला काय म्हणावं! तो घसा खाकरून म्हणाला, "तरीपण खिट्टी निकामीच होती." अस्सा राग आला मला, मित्रांनो! मला हात असते तर मी त्या माणसाच्या तोंडालाच खिट्टी लावली असती.

आता तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर पिशव्या बंद झाल्या असतील. छे! दोन दिवसांनी माझ्या गळ्यात पुन्हा पिशवी. आणि टांगणारी कोण? दाफिना आजीच. डोळे सुजलेले. या वेळी तर तिने पावाबरोबर चीजचा तुकडाही घातला होता.

मानोलने खिडकीतून पाहिलं आणि धावतच आला. "आत्या! काय करतेस हे?"

"पिल्लू रडतंय रे वर. मला ऐकू येतं. त्याची आई माझ्या पावापायी गेली. निदान त्याच्या पोटात तरी..."

"आणि मग? ते रोज येईल. मोठं होईल. कुणीतरी त्याला बघून सपाता टाकून पळेल. मग पुन्हा परवानगी येईल, पुन्हा मलाच पाठवतील. हे पिल्लूही मी मारू का? सांग ना, आत्या, मारू?"

आजी त्याच्या अंगावर खेकसली, "उपाशी ठेवू म्हणतोस? दगड आहेस का तू?"

"दीड वर्षाचं आहे ते. त्याला खायला मिळवता येतं. वर जंगलात बीच वृक्षांच्या बियांचा सडा पडलाय, रानगुलाबाची फळं पिकलीत. तिथे ते जगेल. इथे आलं तर नाही जगायचं." मानोलने तिचा हात धरला. "मला पुन्हा ते करायला लावू नकोस गं."

आजीने पिशवी माझ्या गळ्यातून काढली. तिच्या घरी ना शेळी, ना कोंबडी. एकटीला तो पाव खाऊन संपणारा नव्हता, आणि घरी ठेवला तर उद्या हात पुन्हा इकडेच वळेल हे तिला ठाऊक होतं. तिने पावाचा मुका घेतला, कपाळाला लावला. ओठांतल्या ओठांत क्षमा मागितली. मग माझ्या खाचेत बोट घालून कळ दाबली, आणि जन्मात पहिल्यांदा तिने पाव कचऱ्यात टाकला. झाकण पडलं. मी खट्‌कन बसले. आजी एप्रनचं टोक तोंडात कोंबून घरात गेली.

तिन्हीसांजेला पिल्लू आलं, एकटंच. पाव आत आहे हे त्याला वासावरून कळत होतं. त्याने माझ्या नाकाला चाटलं, तिथे काहीच नव्हतं. मग त्याने पंजा घातला. आईसारखा जोर नव्हता त्याच्यात. ओढायचं, थांबायचं, कण्हायचं, पुन्हा ओढायचं. वर दाफिना आजीच्या खिडकीत दिवा नव्हता, पण ती तिथे उभी होती. मी ते कण्हणं ऐकत होते. त्याची नखं माझ्या अंगावरून घसरत होती. एका क्षणी वाटलं, सुटावं आपण. एकदाच. कुणाला कळणार आहे? नाहीतरी माझ्या नावाने बोंब आहेच, "खिट्टी निकामी"!

मित्रांनो, तुम्ही डोंगरात याल, जंगलाकडेच्या गावांत राहाल. तिथल्या जिवाची दया आली तर खुशाल येऊ द्या, पण हातातला घास हातातच ठेवा. डब्याबाहेर काही टांगू नका, झाकण बंद झाल्याशिवाय वळू नका. आमच्यासारख्यांना तेल घातलं नाहीत तरी चालेल, पण आमचं काम आम्हाला करू द्या. तुमच्या दयेची किंमत ज्याला भरावी लागते, तो तुम्हाला कधी दिसतही नाही. मला तो दिसतो.

मी उघडले नाही. पिल्लाने शेवटचं एकदा हुंगलं आणि ते वर, बीचच्या झाडीकडे चालू लागलं.