हिरोची पहिली भूमिका

नाटक पाच दिवसांवर आलं होतं आणि खडूस वामनरावाची भूमिका करणाऱ्या नीलेशची कारखान्यात पाळी बदलली. आता त्याला नेमकी संध्याकाळीच ड्युटी होती. बोईसरच्या शाळेत शिकवणारी मेघाली नाटक बसवत होती. एडवणला घरी येऊन ती कपाळाला हात लावून ओटीवर बसली.

"मी करू?" आत्माराम सावे म्हणाले.

ते तिच्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय सत्त्याऐंशी. आज त्यांची केळी-नारळाची वाडी आहे, पण साठ वर्षांपूर्वी त्यांचा चेहरा सलूनच्या भिंतींवर आणि कॅलेंडरांवर लटकलेला असायचा. एडवणच्या किनाऱ्यावर शूटिंगला आलेल्या एका कॅमेरामनने पानवेलींना पाणी घालणारा हा देखणा मुलगा पाहिला आणि उचलून स्टुडिओत नेला. पुढची पंधरा वर्षं ते हिरो होते. ते हसले की तंबूच्या थिएटरात शिट्ट्या वाजायच्या.

मेघालीने कपाळावरचा हात काढला. मग म्हणाली, "आजोबा, नाय जमणार. तुम्ही आलात की लोक तुम्हालाच बघतील. वामनरावाला कोण बघणार?"

आत्माराम हसले. "हेच मी जन्मभर ऐकलं, बाय. कंजूष सावकार मागितला, लंगडा हमाल मागितला, खुनीसुद्धा मागितला. सगळे म्हणायचे, तुम्ही फक्त हसा. गाणं दुसऱ्याचं, मारामारी तिसऱ्याची, माझा नुसता चेहरा. केस गेले तसा चेहराही गेला. मी नट होतो की नव्हतो, ते मला अजून कळलेलं नाय."

यावर मेघालीला नाही म्हणता आलं नाही.

नाटक साधं होतं. मुलांचा चेंडू वामनरावाच्या वाडीत पडतो आणि तो देत नाही. मुलांची म्होरकी होती दहा वर्षांची वैभवी. पहिल्याच तालमीत तिने हात वर केला.

"आजोबा, मी तुमच्याशी बोलते तेव्हा तुम्ही तिकडे का बघता?"

"कुठे?"

"तिकडे. खिडकीकडे. आणि मान अशी वाकडी करता." तिने करून दाखवलं. मुलं खो खो हसली.

आत्माराम ओशाळले. "तिकडे कॅमेरा असायचा. माझी डावी बाजू चांगली दिसायची म्हणून मान तशी ठेवायची सवय लागली."

"तिकडे आता देवू शेंगा खातोय," वैभवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते कवळी काढून आले. वाटलं, निदान चेहरा तरी बदलेल. पण "चेंडू मिळणार नाही" हे वाक्य कुणाला कळेना. मेघालीने सांगितलं, "दात घाला. वेश करून नाय, काम करून दाखवा."

म्हणजे नक्की काय करायचं, हे त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. ते वैभवीला म्हणाले, "तू कशी करतेस गं?"

वैभवीने विचार केला. "मी काय करत नाय. मला खरंच चेंडू हवा असतो. तुम्हाला तो नाय का ठेवायचा?"

घरी येऊन आत्माराम एक जुना टेनिसचा चेंडू हातात धरून वाडीत बसले. शेजारच्या पोराने मागितला तर दिला नाही. पोरगं तासभर कुंपणाशी चिकटून होतं. ते जे बोलेल ते आत्माराम ऐकत राहिले. न देण्यात काय गोडी आहे ते त्यांना हळूहळू उमगलं. पोरगं जायला निघालं तेव्हा त्यांना एकटंही वाटलं. मग त्यांनी चेंडू आणि वर दोन केळी दिली.

शेवटच्या तालमीत त्यांनी मानही वळवली नाही. मेघाली समाधानाने घरी निघाली, तर नाक्यावर हा भलामोठा बॅनर. नाटक ठेवणाऱ्या मंडळाचे कमलाकांत चुरी यांनी आत्मारामांचा तरुणपणीचा फोटो छापून 'प्रमुख उपस्थिती' असं खाली लिहिलं होतं.

"अहो काका, काय केलंत हे?" मेघाली म्हणाली. "त्यांचं नाव कुठे नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"त्याशिवाय गर्दी होते का, मॅडम? पहिल्या रांगेत खुर्चीपण ठेवलीये."

आता सगळे त्यांनाच शोधायला येणार होते. मेघालीने घाबरत घाबरत ही बातमी दिली. आत्मारामांनी आधी कवळी नीट बसवली. मग म्हणाले, "शोधू देत. सापडलो, तर मी नट नव्हतो."

नाटकाला मैदान भरलं. पुढेच मैनाबाई बसल्या होत्या. मुलगा कैलास कारखान्यात लागला तेव्हा त्या नगरकडून बोईसरला आल्या होत्या. जत्रेतल्या तंबूत त्यांनी आत्मारामांचा एकही सिनेमा सोडला नव्हता.

"खुर्ची रिकामीच हाय," त्या कैलासला म्हणाल्या. "कवा येणार?"

"येतील. तू नाटक बघ."

पडदा उघडला. वामनराव खाटेवर बसून केळी मोजत होता. चेंडू पडला, त्याने तो मांडीखाली घातला. मुलं विनवू लागली. वामनराव प्रत्येकाचं नीट ऐकून घेई आणि मग नाही म्हणे. लोक आधी हसले, मग चिडले. वैभवी रडकुंडीला आली तेव्हा मैनाबाईंना राहवेना.

"दे की रं मुडद्या," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "चेंडू काय वर घेऊन जाणार हाईस?"

मैदान हसलं. वामनरावाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो वैभवीकडे बघत होता. शेवटी तिने पाठ फिरवली तेव्हा त्याच्या हातून चेंडू आपसूक सुटला आणि घरंगळत तिच्या पायाशी गेला. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात.

रंगपटात मैनाबाई काठी टेकत आल्या. कैलास मागून "आई, अगं आई" करत होता.

"कुठाय तो म्हातारा?" त्या आत्मारामांसमोर उभ्या राहिल्या. त्यांना नीट न्याहाळलं. वैभवीने तोंड उघडलं, तर आत्मारामांनी तिचा हात हळूच दाबला.

"माझा दीर अस्साच होता," मैनाबाई म्हणाल्या. "मेला तवा रडू आलं न्हाई. आज आलं. तुमी कुठले?"

"एडवणचा. वाडी आहे माझी."

"बेस केलंत काम. मी त्या आत्मारामासाठी आले होते, तो काय आला न्हाई. बरं झालं. त्याला नुस्तं हसता यायचं."

"खरं आहे," आत्माराम म्हणाले. "मी पाहिलेत त्याचे सिनेमे."

त्या गेल्या. कमलाकांत शाल आणि नारळ घेऊन धावत आले. "चला, चला. आता नाव जाहीर करतो. लोक वेडे होतील."

"शाल ठेवा तुम्ही," आत्माराम म्हणाले. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस लहान मुलासारखा जागच्या जागी चुळबुळत होता. "मेघाली, पालघरला प्रयोग कधी लावतेस? आणि त्या नीलेशला सांग, वामनराव आता माझा."