आप्पासाहेबांच्या नावानं

संगणकाला शिव्या देऊन काही होत नाही, हे मला कळतं. तरी त्या आठवड्यात मी पोटभर दिल्या.

अठ्ठ्याण्णव साल. राहुरीकडच्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसात मी नगरहून संगणक बसवायला गेलो होतो. टाइपरायटर भंगारात निघाले होते आणि टायपिस्ट छबूबाईंची शुक्रवारी संगणकावर परीक्षा होती. दहा मिनिटांत एक पान मराठी. नापास झाल्या तर बदली उसाच्या वजनकाट्यावर, पाळीपाळीनं. बाईंची पन्नाशी उलटलेली, गुडघे गेलेले. पण बावीस वर्षांत बोटांना टाइपरायटरची अक्षरं पाठ झालेली, आणि संगणकावर तीच अक्षरं भलत्याच जागी.

उपाय सोपा होता. संगणकाच्या पोटात रजिस्ट्री नावाची नोंदवही असते, तिच्यात प्रत्येक माणसाचं पान वेगळं. त्या पानावर 'अक्षरं टाइपरायटरप्रमाणे' अशी नोंद करणारी चार ओळींची हुकूमयादी, म्हणजे स्क्रिप्ट, मी लिहिली. चालवून पाहिली, अक्षरं जागेवर आली. छबूबाई बसल्या, तर पुन्हा गोंधळ. चालवली मी, म्हणून नोंद माझ्याच पानावर. गाढव मी.

मग मशीन उघडताना जो नाव टाकेल त्याच्या पानावर नोंद होईल, अशी सोय केली. मंगळवारी नोंद झाली आप्पासाहेबांच्या पानावर. हे हेडक्लार्क. सकाळी ऑफिसचं कुलूप तेच उघडायचे आणि त्याच झोकात पाचही मशीन स्वतःच्या नावानं उघडून ठेवायचे. वर माझ्यावरच चिडले, दोन बोटांनी शिकलेली अक्षरं कुठं गेली म्हणून. मी स्क्रिप्ट बदलली, टाइपरायटर फक्त छबूबाईंच्या नावाला. आप्पासाहेबांना हात जोडून सांगितलं, बाईंचं मशीन बाईंनाच उघडू द्या. त्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

गुरुवारी छबूबाईंकडून सराव करून घेतला. नाव इंग्रजीतच टाकावं लागे. एकेक अक्षर शोधण्यात चार मिनिटं गेली. पण आत गेल्यावर बोटं अशी धावली की मला रडू यायचं बाकी होतं.

शुक्रवारी परीक्षा घ्यायला मॅनेजरसाहेब घड्याळ घेऊन बसले. मी दारात. बाईंनी पहिली ओळ टाइप केली आणि हात थांबले. पडद्यावर नुसता कचरा.

"बाईंना इंग्रजी जमत न्हाई," आप्पासाहेब मायेनं साहेबांना म्हणाले, "म्हनून मीच उघडून ठिवलंय."

त्या मायेला काडी लावावीशी वाटली. मी तोंड उघडलं, तर साहेबांनी हातानंच गप्प केलं.

छबूबाईंनी स्वतःच आप्पासाहेबांचं नाव बंद केलं.

"बाई, येळ चाललाय. मी उघडलंय की."

"तुमच्या नावानं उघडलंय, आप्पासाहेब. बोटं माझी हायेत."

मग एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, त्यांनी आपलं नाव टाकलं. उरली पाच मिनिटं. वेळ संपली तेव्हा एकही चूक नव्हती, पण पाच ओळी राहिल्या होत्या. साहेबांनी कागदावर 'अपूर्ण' लिहायला पेन उचललं. माझ्या डोळ्यांपुढं वजनकाटा आला.

आप्पासाहेब पडद्याकडं बघत होते. मग घसा खाकरला.

"पयली पाच मिन्टं माझ्या नावावर धरा, साहेब. फुडची बाईंची."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि घड्याळ पुन्हा लावलं. पाच ओळींना बाईंना दीड मिनिटही लागलं नाही.

सोमवारी मी फोन करून विचारलं. पाचांतली चार मशीन अजून आप्पासाहेबच उघडतात.