जर्सीवरचा झारा

भगवान हवालदाराने अठरा वर्षांच्या नोकरीत जेवढ्या लढाया पाहिल्या नसतील, तेवढ्या निवृत्तीनंतर विठ्ठलवाडीच्या विहाराच्या पायरीवर बसून रंगवल्या. तसा तो खोटं बोलत नसे. "बर्फात धूर असा, की शेजारचा माणूस दिसेना," एवढंच म्हणायचा. धूर कसला, हे कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची त्याला घाई नव्हती. धूर लंगरच्या भट्टीचा होता. भगवान फौजेत आचारी होता.

खोटं बोलला ते आयुष्यात एकदाच, आणि तेही बायकोशी. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्याने शांताबाईंना सांगून टाकलेलं, की दारूगोळ्याचा धूर खाल्लेल्या छातीला फोडणीचा धूर सोसत नाही, फौजी डॉक्टरची सक्त ताकीद आहे. तेव्हापासून चाळीस वर्षं त्या बाईने नवऱ्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. चहासुद्धा खुर्चीत आणून दिला. आपण शंभरावर माणसांचं जेवण रांधायचो हे शांताबाईंना कळलं, तर ही खुर्ची गेली, हे भगवान पक्कं ओळखून होता. पेन्शनच्या कागदांच्या पेटीची किल्ली तो आंघोळीलाही सोबत नेई.

घोळ केला तो नातीने. मृणाल मुलींच्या कबड्डी संघाची कप्तान. नव्या जर्सीवर तिला आजोबांच्या पलटणीचा बिल्ला हवा होता. भगवान म्हणाला, तो बिल्ला कमवावा लागतो, छापून मिळत नाही. मग पोरीने हट्ट धरला, की निदान फौजी वाटेल असं काहीतरी काढून द्या. भगवानने कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पेन्सिल धरली. हाताला आठवलं तेच हाताने काढलं: अठरा वर्षं लंगरच्या दारावर पाहिलेलं चित्र. एक झारा, त्यावर भोकांचे ठिपके, एक ओगराळं, एकमेकांवर तिरपे, आणि खाली गोल पातेलं.

पोरी म्हणाल्या, गदा, भाला आणि तोफगोळा. भगवानने मिशीवरून बोट फिरवलं. त्याला उत्तर म्हणायचं तर म्हणा.

उल्हासनगरहून हिरव्या जर्सी छापून आल्या आणि निशाणाचे दिवस पालटले. पहिल्याच सामन्यात समोरच्या मुली चढाईला येताना छातीवरच्या गदेकडे बघून अडखळू लागल्या. कल्याणच्या एका निवृत्त मास्तरांनी गदेवरचे सात ठिपके म्हणजे सात लढाया असं व्याख्यान दिलं. डोंबिवलीत कोणी आठ ठिपके मोजले, त्यावरून दोन मंडळांत महिनाभर बोलणं बंद. रिक्षावाल्यांनी स्टिकर लावले. चौथी सीट घेतलेल्या रिक्षेलाही म्हणे पोलीस शिट्टी मारीनात, उलट सलाम ठोकीत. एका पुढाऱ्याने तर बॅनरवर छापलं, की आपल्या पणजोबांनी हेच निशाण छातीवर घेऊन देह ठेवला. भगवानने तो बॅनर दोनदा वाचला आणि घरी येऊन गपचूप चहा मागितला.

अंतिम सामना कल्याणात, कळव्याच्या संघाशी. टॉसच्या आधीच कळव्याचा मॅनेजर हितेश उठला. त्याची हरकत साधी होती: फौजेचं चिन्ह परवानगीशिवाय खेळाच्या कपड्यावर चालत नाही, तेव्हा जर्सी उतरवा नाहीतर सामना सोडा. दुसऱ्या जर्सी कोणाकडे होत्या? मृणालचा चेहरा उतरला. निवाडा पाहुण्यांवर सोपवला गेला. पाहुणे होते निवृत्त सुभेदार विश्राम.

सुभेदारांनी चष्मा चढवून निशाण न्याहाळलं. "कोणत्या पलटणीचं, हवालदार?"

"कोणत्याच नाही, साब. नक्षी आहे नुसती."

"सारा जिल्हा फौजेचं म्हणतो. तसं असेल तर पोरींना बाहेर बसावं लागेल. नसेल तर काय आहे ते माईकवर सांगा."

पहिल्या रांगेत शांताबाई डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. भगवानने त्यांच्याकडे पाहिलं, मग मृणालकडे. पोरगी ओठ चावत जर्सीची कड पिळत होती. त्याने माईक घेतला.

"हा झारा. हे ओगराळं. खाली पातेलं. मी लंगरला होतो. आचारी."

मैदान हसलं. हितेश म्हणाला, म्हातारा बनवतोय. सुभेदारांनी हात वर केला. "एकशे वीस जवान. डाळ किती?"

"साडेसहा किलो, थंडीत सात," भगवान म्हणाला, आणि तिथेच थांबला असता तर निभावलं असतं. पण चाळीस वर्षं तोंडात कोंडलेली डाळ ती. निम्मी तूर निम्मी मसूर का, खारट झाली तर कणकेचा गोळा कधी सोडायचा, उंचावर डाळ शिजत नाही तेव्हा झाकणावर दगड किती वजनाचा, पाहुणे साहेब आले की जिरं कुठून आणायचं, सगळं ओतलं. शेवटी सुभेदारांनीच माईक काढून घेतला आणि हरकत फेटाळली.

मुली तीन गुणांनी जिंकल्या. लोक मात्र घरी जाताना एकमेकांना सांगत होते, की बघा, एवढं विचारलं तरी म्हाताऱ्याने पलटणीचं गुपित फोडलं नाही. डाळीवर नेलं बरोब्बर. स्टिकर दुप्पट खपले. सुभेदार सोडले, तर अख्ख्या कल्याणात भगवानवर विश्वास ठेवला तो एकाच माणसाने.

ते माणूस रिक्षेत त्याच्या शेजारीच डबा मांडीवर घेऊन बसलं होतं.

सकाळी चहा आला नाही. भगवान बघतो तर खुर्चीत शांताबाई, हातात पेपर.

"अहो, डॉक्टरांनी फोडणी मना केलीय ना? ती मी घालीन. बाकीचं तुम्ही करा. एकशे वीस जमतात, आपण तिघंच आहोत."

इथेच भगवानची खरी पंचाईत झाली, कारण तिघांचं माप त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. हाताने डब्यातली सगळी डाळ ओतली, मग शेजारणीची मागून आणली. दुपारी आळीतली बावीस घरं ताटं घेऊन रांगेत उभी, आणि भगवान घामाघूम होऊन एकेकाला दरडावतोय की सरळ रांग धरा.

शांताबाई सर्वांत आधी जेवल्या. बोटं चाटून म्हणाल्या, "मीठ बेताचं आहे. उद्या भाकरी कशा जमतात ते बघू."